बेटावरचा पंप
डिझेलचा वास आला की मालवणच्या खाडीतलं एक बेट आठवतं. साठ सालानंतर कधीतरी, तिथं पाहुण्यांसाठी बंगला बांधलेल्या शेठनं मला, मालवणातल्याच मेकॅनिकला, पंप बसवायला नेलं. "पाणी मळ्यालाही मिळेल, हे तूच इथल्या मळेवाल्यांना तुमच्या भाषेत समजाव," तो म्हणाला. माझ्या शब्दावर शेजारच्या शेतकरीणबाईनं आपली गोड्या पाण्याची विहीर दिली, मला रोज पेज वाढली. पंप सुरू केला तेव्हा ती मिरचीच्या वाफ्यांपाशी हसत उभी होती. वाफ्यात थेंब आला नाही. शेठच्या माणसांनी मळ्याचा पाइप काढून सगळं पाणी बंगल्याकडे वळवलं होतं. "आधी पाहुणे," शेठ म्हणाला. "माझी पेज जेवलंस आणि माकाच फसवलंस रे?" बाईनं मला विचारलं. मीही फसलोय, हे तिला पटेना. शेठनं मुंबईचा मेकॅनिक का आणला नाही, ते आता कळतं.