हात बराबर हाय का, मास्तर?

सकाळी माझ्या ओट्यापुढे उभा राहून तो दोन्ही हात पुढे करायचा. "मास्तर, हात बराबर हाय का?" मी चष्मा सारखा करून बघायचो. "बराबर हाय," म्हटलं की स्वारी लाकूड तासायचा वाकस खांद्यावर टाकून कामाला निघायची.

आष्टीकडच्या आमच्या गावातला हा सुतार माझा शेजारी. निजामी अमलात शिंदीचं दुकान माझ्या शाळेच्या आधी उघडायचं आणि हा त्याच्याही आधी दारात हजर. तुम्हीही असे लोक पाहिले असतील. एकदा त्याच्या हातून वाकस निसटला आणि बायकोच्या पावलाला चाटून गेला. तिने वाकस उचलून परत त्याच्या हातात दिला. त्या दिवशी त्याने शिंदी सोडली.

पहिले महिने वाईट गेले. तांब्या तोंडाला लावला की निम्मं पाणी छातीवर सांडायचं. पारावरच्या मंडळींना फुकटची करमणूक झाली. "पोळ्यापतुर टिकंल का?" असं त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारायचे. तो चिडायचा आणि त्या चिडीवरच तगला. पुढे हात स्थिर झाले, वर्षं गेली, गाव त्याच्याकडे बघायचं विसरलं. तो मात्र हात दाखवायला येतच राहिला.

"आता कशाला रे?" मी एकदा चिडवलं.

"तवा समदं गाव राखण करत व्हतं, मास्तर. आता मी एकलाच करून राह्यलो."

मग गावाने घोळ घातला. आषाढात मरीआईला शिंदीचं मडकं न्यायची आमच्याकडे रीत. ते शिवेवरच्या देवीच्या ठाण्यापर्यंत नेणाऱ्याला मोठा मान. पण मडकं दर साली निम्मंच पोचायचं. पाटील म्हणाले, "सुताराला द्या. त्यो घेत न्हाई." साऱ्यांनी माना डोलावल्या. देवीचा मान नाकारायचा कसा? त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"मास्तर, संगं चला," एवढंच तो म्हणाला.

हलगी पुढे गेली. आम्ही दोघे मागे राहिलो. उन्हाने शिंदी फसफसत होती, वास माझ्याही नाकात बसला होता. निंबाखाली तो थांबला. इतक्या वर्षांनी त्याचे हात थरथरत होते. शिंदी हिंदकळून बोटांवर आली आणि तो त्या ओल्या बोटांकडे बघत राहिला. मी घाबरलो.

"बोला, मास्तर. कायबी बोला. जल्दी!"

तोंडात आली ती निमकी, शाळेतला अर्ध्याचा पाढा. "एक निम्मे अर्धा. दोन निम्मे एक." तो माझ्यामागून म्हणू लागला आणि पाऊल उचललं. ठाण्यापुढे त्याने मडकं ओतून पुरतं रिकामं केलं, बोटं मातीत घासली, आणि भर गर्दीत बायकोपुढे तोंड उघडून उभा राहिला.

"हुंग."

तिने हुंगलं आणि पदर डोळ्यांना लावला.

पुढे दर आषाढात मडकं त्याचं आणि निमकी माझी.

हिवतापाने तो गेला. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला, पण कावळे झाडावरून उतरेनात. ऊन चढलं. भावकी चुळबुळ करू लागली. त्याच्या मेव्हण्याने पिशवीतून शिंदीची बाटली काढली. "जीव कशात अडकला ते समद्यांला ठावं हाय. ठिवा जराशी."

बायकांतून त्याची बायको उठून आली. बाटली हिसकावून तिने वाळूत ओतली.

"बिलकुल न्हाई. येवढी वर्सं त्यांनी राखलं, आता मी राखीन. न्हाई शिवला कावळा, तर न शिवू दे."

तिचे हात कापत होते, अगदी त्याच्यासारखे. ती माझ्याकडे वळली. "मास्तर, तुमचं ते म्हना."

"एक निम्मे अर्धा," मी कसंबसं म्हणालो. "दोन निम्मे एक." पुढे आवाज फुटेना.

"तीन निम्मे दीड," ती म्हणाली. शाळेची पायरी ती कधी चढली नव्हती. पण इतकी वर्षं घरात त्याच्या तोंडून रोज ऐकून तिला सारी निमकी पाठ झाली होती. ती न अडखळता म्हणत गेली, मी तिच्यामागून.

कावळा कधी उतरला, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.