एक शीट बाकी

मालकी सुटली की माणूस मुक्त होतो, असं कर्जत स्टेशनबाहेरच्या मांडवात उद्घाटनाच्या पाहुण्यांनी सांगितलं. बॅटरीच्या सायकली आणि मोटारी, दोन्ही सर्वांच्या, दोन्ही एकाच मोबाइलवर, अशी ती योजना. घराजवळून सायकल घ्यायची, स्टेशनच्या थांब्यावर खुंट्याला लावायची. ती खुंट्याला लागल्याशिवाय मोटारीचं दार उघडत नाही. पाहुणे स्वतः तीन गाड्या घेऊन आले होते आणि सायकलवर फोटोपुरते बसले. तरी मला पटलं. मी स्कूटर विकून टाकली.

पुढं खालापूरला भाचीचा साखरपुडा निघाला. नवऱ्या मुलाची अंगठी आणायचा मान मामाचा, म्हणजे माझा. अंगठी खिशात घालून सायकल दामटली, खुंट्याला लावली. मोटारीचं दार उघडलं. दारावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘शेअर’.

ज्यांनी ते लिहिलं ते कर्जतचे नसावेत. आमच्याकडे शेअर म्हणजे टमटम, आणि टमटम भरल्याशिवाय हलत नाही. मी आरसा नीट करेपर्यंत मागं कडावची एक मावशी भाजीच्या पाटीसकट बसली होती. तिच्या शेजारी दोन गृहस्थ.

“खालापूर ना?”

“हो, पण ही शेअरची नाही. म्हणजे शेअरचीच आहे, पण...”

“आमी तेच म्हंतो,” मावशी म्हणाली. “फुडं एक शीट बाकी हाय. भरलं की सोड.”

“मावशी, खिशात साखरपुड्याची अंगठी आहे. मुहूर्त टळेल!”

“अगं बाय! मंग तर शीट लवकर भराय पायजे.”

ती खाली उतरली आणि “खालापूर, खालापूर, एक शीट” असं ओरडू लागली. तिच्यामागोमाग दोघं गृहस्थही उतरून ओरडू लागले. गाडी आता पूर्ण रिकामी होती. मला तेवढ्यात निघता आलं असतं. पण पाटी मागच्या सीटवर होती.

शेवटी एक चौथा माणूस मिळाला. त्याला वाटेत उतरायचं होतं.

“हितं थांबवा,” तो म्हणाला.

“गप बस रं,” मावशी मागून कडाडली. “आदी अंगठी, मंग तुजं गाव.”

कोणालाच कुठं उतरू दिलं नाही. कार्यालयाच्या दारात बहीण उभी होती. “दादा, ही कोण माणसं?” असं तिनं विचारलं, पण गुरुजींनी घाई केली. मी अंगठी घेऊन धावलो. मागून मावशीही आली, दोघं गृहस्थही आले. मुहूर्त साधला. ज्याला वाटेत उतरायचं होतं तो माणूस जेवायलाही बसला. वरपक्षानं त्यांना आमच्याकडचं समजून दुसऱ्यांदा जिलबी वाढली.

समारंभ आटोपून बाहेर आलो. घाईत गाडीचं दार उघडंच राहिलं होतं. आत कर्जतला जाणारी अनोळखी माणसं बसली होती.

एकच शीट बाकी होतं. ड्रायव्हरचं.