हौद्याला अस्तर

माझ्या भावाला केळीपलीकडे काही कळत नाही, असं मी माहेरी गेले की त्याच्या तोंडावर म्हणते. तो हसतो, कारण त्याला ती स्तुती वाटते. घड कापल्यापासून गाडीत रचेपर्यंत तो मजुरांच्या मागेपुढे नाचतो, आणि पोटच्या पोराला कधी उचललं नसेल इतक्या जपून घड उचलतो. त्यालाही कारण आहे. हिरवी केळी कशाला घासली तर तेव्हा काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी सालीवर काळी रेघ उमटते आणि व्यापारी नाक मुरडतो. म्हणून आमच्याकडे गाडी भरताना तळाला केळीचीच वाळलेली पानं अंथरतात, वर घड एकमेकांना चिकटून रचतात, मध्ये मूठ जाईल एवढी जागा ठेवत नाहीत. आणि दोरी बांधत नाहीत. दोरी रुतते, डाग पडतो. गच्च भरलेल्या गाडीला दोरीची गरजही नसते.

त्याची पिकअप जुनी घेतलेली. तिच्या मागच्या, माल भरायच्या हौद्याचा पत्रा आधीच्या मालकाने ठोकून, जोडून, पुन्हा ठोकून पार चाळण केला होता. त्याला काहीतरी अस्तर लावायचं, असं भाऊ वर्षभर घोकत होता आणि दर वेळी पुढच्या तोडणीवर ढकलत होता. शेवटी ते अस्तर घेण्याची वेळ आली ती केळीमुळे नाही, आईमुळे.

हिवाळ्यापासून आईची कंबर धरली होती. तेल झालं, शेक झाला, पट्टा झाला. मग कळ कमरेतून डाव्या पायात उतरली, आणि ती कळ अशी की माझी न रडणारी आई पदर तोंडात धरून रडायची. मी अमळनेरहून रजा टाकून गेले आणि तिला जळगावला दाखवलं. डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि वडिलांना, म्हणजे आबांना, व मला एक मणका दाखवला. बाकीचे चौकोनी होते, हा एका बाजूने खचला होता. त्याचा तुकडा मागे नसेवर टेकतोय, धुळ्याला ऑपरेशन करून घ्या, तिथे माझ्या ओळखीचे सर्जन आहेत, ते म्हणाले. तोपर्यंत उताणं झोपवायचं, बसवायचं नाही. एखादा जोराचा हिसका बसला तर पाय जातील. हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मला त्यांचा राग आला.

त्या दिवसापासून घरात एकच शब्द राहिला, हिसका. भांडं पडलं तरी आबा दचकायचे. कूस बदलताना आम्ही तिघं तिला गोधडीसकट वळवायचो आणि वळवून झालं की एकमेकांकडे बघायचो. आई मात्र आम्हाला हसायची. मला काचेच्या बांगडीगत करून ठेवलंय, म्हणायची.

धुळ्याची तारीख मिळाली तशी मी अॅम्ब्युलन्सचं बोलले. सरळ गोष्ट होती. आत स्ट्रेचर असतं, पट्टे असतात, सोबत माणूस असतो. आईने भिंतीकडे तोंड केलं.

"माले त्या गाडीमा घालू नका," ती म्हणाली. "मनी बहीन त्याच गाडीमा गयी आनि त्याच गाडीमा उनी."

मावशीला आमच्याच दारातून नेलं होतं, हे खरं. ती परत आली तेव्हा तिच्या तोंडावर चादर होती, हेही खरं. पण त्यात गाडीचा काय दोष, असं मी आईला समजावलं, मग चिडून सांगितलं, मग भांडले. आजारी माणसाशी भांडू नये एवढं मला कळतं, पण आमच्या घरात माया करायची तीच एक रीत आहे. आईने दोन्ही वेळचं जेवण परत पाठवलं. संध्याकाळी आबा ओट्यावर येऊन म्हणाले, आपल्या गाडीत नेऊ. भाऊ जणू वाटच बघत होता. हौद्यात झोपवून, सावकाश, बैलगाडीच्या चालीने. आधी तळाला चांगलं जाड अस्तर लावू, म्हणजे खड्डा लागणार नाही.

"केळीले डाग लागू देत नही आम्ही," आबा आईला म्हणाले, "तुले काय व्हई?"

आई हसली आणि जेवली. ती जेवली म्हणून मी अॅम्ब्युलन्सचा विषय सोडला. मनात मात्र कुठेतरी खडा टोचत राहिला.

दुसऱ्या दिवशी आईजवळ शेजारणीला बसवून आम्ही तिघं जळगावला गेलो. महामार्गालगत गाड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानांची रांग आहे, त्यातल्या एका दुकानात. मला वाटलं होतं, आत जायचं, एक वस्तू घ्यायची आणि निघायचं. पण तिथे अस्तराच्या चार तऱ्हा निघाल्या. एक लोखंडी पत्रा, त्यावर तांदळाच्या दाण्यांसारखे उंचवटे. एक काळी रबरी चटई, तिला नांगरटीसारख्या सऱ्या. एक फवारून मारायचा जाड रंग, वाळला की खरखरीत होणारा. आणि एक हौद्याच्याच आकाराचं जाड प्लॅस्टिकचं अस्तर, काळंभोर, गुळगुळीत, खाली फोमचा थर असलेलं. त्याला ते लायनर म्हणत होते.

भावाने पिशवीतून हिरव्या केळीची एक फणी काढली. मला लाजल्यासारखं झालं, पण दुकानदाराला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या भागात गिऱ्हाईक केळी घेऊनच येत असणार. भावाने एकेक केळं सोडवलं आणि प्रत्येक नमुन्यावर एकेक घासलं, हलक्या हाताने, गाडी चालताना माल घासतो तसं. कुठलं केळं कशावर घासलं ते लक्षात राहावं म्हणून देठांना वेगवेगळे दोरे बांधले.

"माल काय असतो तुमचा?" दुकानदाराने विचारलं.

मी तोंड उघडलं. आबांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, आणि भाऊ म्हणाला, "केळी."

दुकानदार मागे वळला तसे आबा माझ्या कानाशी म्हणाले, "खरेदीले निंघनूत ते दुखनं बोलानं नही."

ही आमच्याकडची जुनी रीत. काही विकत घ्यायला निघालं की घरातलं आजारपण दुकानात काढायचं नाही, नाहीतर ते वस्तूबरोबर घरी येतं. धोतर घ्या, बैल घ्या, मंगळसूत्र घ्या, तोंडात दुखण्याचं नाव नको. लहानपणी मी या रीतीला हसायचे. त्या दिवशी आबांनी माझं मनगट सोडलं नाही म्हणून मला हसता आलं नाही, आणि रागही मोठ्याने काढता आला नाही.

दुकानदार भला माणूस होता. केळी म्हटल्यावर त्याने पत्रा बाजूला सारला, रबराच्या सऱ्यांत चीक साचतो असं सांगितलं, आणि लायनरवरून तळवा फिरवला. याला काही घासत नाही, काही चिकटत नाही, खाली फोम असल्याने दणका बसत नाही. घसरतो थोडा, पण तुमचा माल भरलेला असतो, तो कुठे जाणार?

"भरेल गाडी कधी हालस का?" भाऊ हसला.

तरी त्याने त्या दिवशी घेतलं नाही. केळी घरी आणून खिडकीत ठेवली. सकाळी बघतो तर पत्र्यावरच्या केळाला काळे ओरखडे, रबरावरच्याला दोन रेघा, खरखरीत रंगावरचं तर बघवेना. लायनरवर घासलेलं केळं कालच्यासारखं हिरवंगार. भावाने ते आईला नेऊन दाखवलं. तिने ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि, हेच घ्या, म्हणाली. तिनेही जन्मभर केळीच बघितली होती.

लायनर बसवून गाडी अंगणात आली तेव्हा आबांनी त्यात बादलीभर पाणी ओतलं. पाणी एका दमात मागच्या फाळक्याकडे गेलं, तळाला थेंब राहिला नाही. आबा खूश झाले. माझ्या मनातला खडा मात्र, का कोण जाणे, पुन्हा टोचला. मी तो कारणाशी जोडायचा प्रयत्न केला आणि मला एकच कारण सापडलं. ऊन. चैत्रातलं आमचं ऊन आणि हे काळं प्लॅस्टिक. मी तसं बोलले, आणि सगळ्यांना ते पटलं. वर ताडपत्रीचं छत झालं, तळाला वाळलेली पानं झाली, पानांवर गादी, गादीवर ओली करून पिळलेली चादर. उन्हाचा बंदोबस्त झाला, खड्ड्याचा झाला. तरीही तो खडा निघाला नाही.

आम्ही दिवस उजाडल्यावर निघालो. गोधडीची चार टोकं आम्ही तिघांनी आणि एका शेजाऱ्याने धरून आईला वर घेतलं. शेजारच्या बायका दारात उभ्या होत्या. आईने सगळ्यांना हात केला. भाऊ गाडीवर, आबा त्याच्या शेजारी, आणि मागे मी आईच्या पायाशी, हौद्याच्या कडेचा दांडा एका हाताने धरून. एवढ्या मोठ्या हौद्यात मधोमध ती एकटी गादी. ती गाडी इतकी रिकामी मी कधी पाहिली नव्हती.

भाऊ खरंच जपून चालवत होता. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात होते. खड्डे आले, आणि लायनरने त्यांना गिळून टाकलं. प्रत्येक खड्ड्याला मी आईच्या तोंडाकडे बघायचे आणि ती डोळ्यांनीच, काही नाही, म्हणायची. कळ मात्र चालूच होती. तिचा डावा पाय मी दाबत होते, कारण दाबलं की तिला जरा बरं वाटायचं. पारोळ्याच्या अलीकडे मला पहिल्यांदा वाटलं की आपण पोचतोय.

तिथे रस्त्यावर शेळ्या आडव्या आल्या. भावाने ब्रेक लावला, साधाच. कच्चकन नाही, टायर वाजले नाहीत, मी दांडा धरला होता तो हातातून सुटलाही नाही. गादी मात्र निघाली. पानांसकट, चादरीसकट, काहीही आवाज न करता आईला घेऊन पुढे निघाली, आणि केबिनच्या मागच्या पत्र्याला जाऊन टेकली. उशी मध्ये होती. ठक असा एक बारीक आवाज झाला, दाराला कुणी बोटाने वाजवावं एवढाच.

मी गुडघ्यांवर सरपटत पुढे गेले. "आई, लागलं?"

"नही गं," ती म्हणाली. "घसरगुंडी व्हयनी मनी." आणि हसली.

भाऊ आणि आबा उतरून मागे आले होते. भावाचा चेहरा पांढराफटक. आम्ही तिला गादीसकट हळूच मागे ओढलं, तिची मान बघितली, डोकं बघितलं. कुठे खरचटलंसुद्धा नव्हतं. भाऊ रस्त्यालगतच्या शेतातून दगड आणून गादीच्या चारी बाजूंना लावू लागला. मी पुन्हा तिच्या पायाशी बसले आणि तोच पाय दाबायला घेतला.

आई ताडपत्रीकडे बघत पडली होती. महिनोन्महिने आवळलेला तिचा चेहरा एकाएकी सैल झाला होता. इतकी सुंदर ती मला कित्येक दिवसांत दिसली नव्हती.

"थांबनं," ती म्हणाली. "दुखनं थांबनं."

आबांनी हात जोडले. कुणाला जोडले ते मला माहीत नाही, शेळ्यांना, रस्त्याला की त्या लायनरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊसुद्धा हातातला दगड तसाच धरून हसला.

मग आईने मान थोडी उचलली आणि माझ्याकडे बघितलं.

"तुम्हीन मना पाय कोठे ठेवात?"

मी तेव्हा तिचा पाय दाबतच होते.