प्रार्थनेत शिरलेला रंधा

तर खुर्ची गेली, इथवर काल आलो होतो. पण खुर्चीवर भागलं असतं तर काकूंनी भर दुपारी चर्चच्या पाळकांचं दार कशाला वाजवलं असतं?

सुतारकाकांचा नेम असा, की सकाळी उठून कामाच्या खोलीत उलट्या खोक्यावर बसायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "प्रभू, तुझ्याशिवाय मला काही नको." आता माणसाचं मन म्हणजे सुटलेलं वासरू. ते मधेच कशात तरी तोंड घालणारच! ज्या वस्तूत घालेल ती देवाच्या आड आली असं काका धरायचे, आणि संध्याकाळच्या आत तिला घराबाहेर काढायचे. पाठ टेकायची खुर्ची पाळकांकडे गेली. रेडिओ शेजाऱ्याकडे गेला. एकदा प्रार्थनेत चहाची तलफ आली, तर किटलीच गेली! काकू आठ दिवस पातेल्यातून चहा ओतत होत्या आणि ओट्यावर सांडलेला चहा पुसत पुटपुटत होत्या. काकूंची श्रद्धा काही कमी नव्हती हो. त्यांच्या देवाला किटलीचं वावडं नव्हतं, एवढंच.

त्या दिवशी काकांनी रंधा फडक्यात गुंडाळायला घेतला. सुतारकाम शिकवणाऱ्या उस्तादांनी जाताना हातात ठेवलेला रंधा तो, मुठीला काकांच्या अंगठ्याचा खळगा पडलेला. आणि इकडे भिंतीला दवाखान्याची आठ दारं टेकलेली, एकाचीही कड तासलेली नाही.

"अहो, हा कुठे निघाला?"

"देतो कुणा सुताराला. डोळे मिटले की हाच दिसतो. प्रभूपेक्षा जड झालाय मला."

"आणि दारं काय दातांनी तासणार?"

"देव बघेल."

"बघतोच आहे तो! कपाळाला हात लावून बघत असेल!"

काकूंनी गाठोडं हिसकावलं आणि तडक निघाल्या. पुढे काकू, मागे "अगं, ऐक तर" करत काका.

पाळक नेमके त्याच खुर्चीत बसले होते. सुताराला बघताच कॉपी करताना सापडल्यासारखे अर्धे उठले, आणि पुन्हा बसले. काकूंनी सगळं भडाभडा सांगितलं. पाळकांनी काकांना विचारलं, "खुर्ची मला दिलीत, मग ती प्रार्थनेत यायची थांबली का?"

काकांनी मान खाली घातली. "नाही. आता तुम्ही तिच्यावर मागे रेलून डुलताना दिसता. सांधा निखळेल हो अशानं."

पाळक डुलायचे थांबले.

"आणि रेडिओ?"

"शेजारी फार मोठ्यानं लावतो. तेच ऐकू येतं."

"घ्या!" काकू कडाडल्या. "घर रिकामं झालं आणि डोकं तुडुंब भरलं! हातचं गेलं ते गेलं, देव तरी मिळाला का?"

पाळकांना हसू आवरेना, ते पाणी आणतो म्हणून आत सटकले. काकूंना मात्र हसू येईना. गाठोडं छातीशी धरून त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "आणि मी? मी येते का प्रार्थनेत?"

काका घुटमळले. खोटं त्यांना कधी बोलता आलं नाही. "रोज येतेस."

"मग बांधा मलाही फडक्यात. कुणाकडे पाठवताय, तेवढं आधीच सांगा."

काकूंचे डोळे भरले होते. तेवीस वर्षांच्या संसारात काकांनी हे फार थोड्या वेळा पाहिलं होतं. ते जवळ आले, गाठोड्यावर हात ठेवला आणि म्हणाले:

"अगं, तू आलीस की मी तुझ्याबद्दल प्रभूशीच बोलतो. तुझ्या गुडघ्यांचं सांगतो, तुझ्या जिभेचंही सांगतो. रंध्याबद्दल मात्र एक अक्षर बोललो नाही कधी. प्रभूला दाराबाहेर ताटकळत ठेवून एकटाच रमायचो रंध्यात. आण इकडे, दारं तासतो, आणि तासता तासता त्यालाच सांगतो, बघ कसा लोण्यासारखा चालतोय. पण उद्या त्यानं खरोखर मागितला, तर देईन हं. मला तो हवाच आहे, रंध्यापेक्षा जास्त, आणि रागावू नकोस, तुझ्यापेक्षाही जास्त."