मल्हारी आणि हरवलेले आठ जीबी

दसऱ्याला सर्व्हरची पूजा मीच केली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून दुसरं कुणी सांगेल ही धास्ती नको.

औंढा नागनाथला उत्तमराव सरांचं कॉम्प्युटर सेंटर आहे. तिथं शिकवणारा, दुरुस्ती करणारा आणि पाहुणे आले की चहा सांगणारा असा सगळा स्टाफ म्हणजे मी, हरीश. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सर्व्हरसाठी मेमरीच्या दोन नव्या पट्ट्या आल्या. आठ-आठ जीबीच्या दोन आधीच्या आणि दोन या, मिळून बत्तीस होणार होते. आमच्याकडं दसऱ्याला विळ्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांना कुंकू लागतं, मग सर्व्हरनंच काय पाप केलं? मी झाकण उघडलं, ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि नवी पट्टी जिथं बसणार त्या खाचेवर भक्तिभावानं बोट टेकवलं. मग दोन्ही पट्ट्या दाबून बसवल्या, झाकण लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. ताट सरांनी धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सर्व्हर चालू केला. पडद्यावर आलं: बसवलेली मेमरी बत्तीस जीबी, वापरता येणारी चोवीस.

एरवी चोवीसवर आमचं भागलं असतं. पण एक परीक्षा घेणारी कंपनी औंढ्याला केंद्र द्यायला तयार झाली होती, आणि त्यासाठी सरांनी दोन वर्षं अर्ज केले होते. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता कंपनीचा एक प्रोग्राम लांबूनच आमचा सर्व्हर तपासणार होता. बत्तीसही वापरात दिसले तर केंद्र औंढ्याला, नाही दिसले तर नांदेडला.

"नांदेड म्हणलं की निम्म्या पोरींचे बाप फॉर्मच भरू देत न्हाईत," सर म्हणाले. "अन् पुन्हा अर्ज करायला माझ्यात दोन वर्षं उरली का न्हाई, कोणाला ठाव."

मी तीन दिवस झटलो. विंडोजमध्ये मेमरीला मर्यादा घालायची एक खूण असते, ती कुणी चुकून लावली नव्हती. सर्व्हर सुरू होताना जो निळा पडदा येतो, त्यात एकाच मेमरीची दुसरीकडं नक्कल ठेवायची सोय असते. तीही बंदच होती. नव्या पट्ट्या काढल्या, त्यांचे सोनेरी दात खोडरबरानं घासले, परत बसवल्या. चोवीस. बंद करून चालू किती वेळा केलं ते सरांना सांगितलं नाही. बुधवारी संध्याकाळी मी जाहीर केलं, "सर, बोर्ड गेला."

सरांनी फोन माझ्यापुढं सरकवला. मग म्हणाले, "मल्हारीला बोलव."

मल्हारी आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या पुसेगावचा. सर तिथल्या शाळेत गणित शिकवायचे तेव्हाचा त्यांचा विद्यार्थी. "गणितात काठावर पास," हे सर आजही त्याच्या तोंडावर सांगतात, आणि तो आजही लाजतो. हिंगोलीच्या आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलं, मग ठेकेदाराबरोबर पुण्याला गेला. तिथल्या एका मोठ्या कंपनीत, जिथं हॉलभर नुसते सर्व्हरच उभे असतात, खोकी उचलायचं काम लागलं. सहा वर्षांत खोकी उचलता उचलता ती उघडायलाही शिकला. वडील गेले तशी आई सिंधूबाई मेंढरांपाशी एकटी पडली, आणि हा परत आला. दुकान नाही, पाटी नाही, छापील कार्ड नाही. मेंढरं हिंगोलीकडं असली की मल्हारी हिंगोलीची कामं करतो, सेनगावकडं गेली की सेनगावची. आजूबाजूच्या पतसंस्था त्याला फोन करून आधी विचारतात, "कळप कुठंय?"

मी फोन लावला तेव्हा पलीकडं निव्वळ ब्या-ब्या चाललं होतं.

"मल्हारीदादा, बोर्ड गेलाय."

"बोर्डानं सांगितलं व्हय तुला?" तो म्हणाला. "उद्या येतो. तवर हात लावू नको."

गुरुवारी दहाला तो आला. मोटारसायकलवर, घोंगडं पांघरून. घोंगडं गाडीवरच ठेवलं. नळावर कोपरापर्यंत हात धुतले, शर्टावरचे लोकरीचे धागे एकेक करून वेचले आणि खिडकीचा गज धरून उभा राहिला. मला वाटलं, पठ्ठ्या दमला.

"लोकरीची वीज असती अंगात," तो म्हणाला. "गजाला दिली नाही तर पट्टीला बसती."

मग खुर्ची ओढून बसला आणि सर्व्हरकडं न बघता माझ्याकडं बघायला लागला.

"बिघडायच्या आधी शेवटचा हात कशाला लावला व्हता?"

"नव्या पट्ट्या बसवल्या. बास."

"अन् त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी काहीच न्हाई."

मी खोटं बोलत नव्हतो. मला खरंच तसं वाटत होतं.

"आठ जीबी कमी हायेत," मी माहिती पुरवली.

"किती ते नको सांगू. कोणते, ते सांग."

ते मला कुठं ठाऊक होतं! तो म्हणाला, "आमच्या आईला इचार, मेंढरं किती? ती म्हणती, हायेत तेवढी हायेत. पण संध्याकाळी वाड्यात घेताना एक कमी असलं तर ती आकडा सांगत न्हाई. काळ्या कानाची आली न्हाई, म्हणती. मंग आमी तिलाच हुडकतो. कमी हाय, कमी हाय म्हणत बसलं तर हुडकायचं काय?"

"म्हणून गणितात काठावर," सर म्हणाले.

त्यानं चारही पट्ट्या काढल्या, चिकटपट्टीवर पेन्सिलीनं नंबर टाकून एकेकीला लावले. खाचांनाही नंबर दिले. मग जोड्या बदलून बसवत गेला. प्रत्येक वेळी सर्व्हर पूर्ण बंद, वायर बाहेर, पुन्हा गज. दर वेळी काय दिसलं ते वहीत लिहायचा. मी तीन दिवसांत एक अक्षर लिहिलं नव्हतं. तासाभरानं त्यानं वही सरांपुढं ठेवली. पट्टी कोणतीही बसवा, तिसऱ्या खाचेतली नाहीशी होत होती.

"पट्ट्या चारी चांगल्या हायेत. जागा नडून राहिली."

सरांचा चेहरा उतरला. "म्हणजे बोर्डच ना?"

"बोर्ड गेला म्हणणं सोपं हाय, सर. हरीश कालपासून तेच म्हणून राहिला." त्यानं मोबाईलची बॅटरी खाचेत मारली आणि डोकं आत घातलं. खाच या टोकापासून त्या टोकापर्यंत निरखली. मग दात कोरायची काडी मागितली. काडीनं अलगद काहीतरी उचललं आणि वहीच्या पांढऱ्या पानावर ठेवलं. लाल, वाळलेला कण. मुंगीच्या डोक्याएवढा.

सरांनी चष्मा लावला. "हे तर कुंकू हाय."

तिघंही त्या कणाकडं बघत राहिलो. त्यातला मी जरा जास्तच एकाग्रतेनं.

"पूजा केली व्हती," शेवटी मी म्हणालो.

"मंग इचारलं तवा काहून न्हाई सांगितलं?"

"तुमी हात कशाला लावला ते इचारलं. पूजा म्हणजे हात लावणं असतं व्हय?"

मल्हारी हसला. सरांनी हसायला जरा वेळ घेतला, कारण पूजेचं ताट.

"पुण्यात आमी बी पूजा करायचो," मल्हारी म्हणाला. "पण नारळ दारात फोडायचो. सर्व्हरवर न्हाई."

"पण मग बत्तीस कसे दिसतात?" मी विचारलं. हे कोडं मला तीन दिवस खात होतं.

"पट्टीचं नाव सांगणाऱ्या तारा येगळ्या, काम करणाऱ्या येगळ्या. नावाच्या तारांवर कुंकू न्हाई. म्हणून हजेरीत नाव लागतं, पण वर्गात पोरगं न्हाई." मग सरांकडं बघून म्हणाला, "आमच्या शाळेसारखं."

पिशवीतून त्यानं लहान लेकराचा मऊ टूथब्रश आणि स्पिरिटची बाटली काढली. खाच एका बाजूनं घासली, मग दुसऱ्या. ब्रश गुलाबी झाला. वाळू दिलं, पट्टी बसवली, चालू केलं.

चोवीस.

सर उठून बाहेर व्हरांड्यात गेले. मी मल्हारीच्या तोंडाकडं बघत होतो. तिथं काहीच दिसत नव्हतं. त्यानं वायर काढली, पुन्हा बॅटरी मारली, आणि या वेळी खाचेच्या अगदी टोकाला ब्रशचे चार केस घालून पंधरा मिनिटं घासत बसला. मग पंख्याखाली अर्धा तास. मी बोलायला तोंड उघडलं की तो हात वर करायचा.

पट्टी बसवली. चालू केलं. बत्तीस, वापरता येणारी एकतीस पूर्णांक नऊ.

"सर!" मी ओरडलो.

"ओरडू नको. अजून दोनदा बंद करून बघायचं," मल्हारी म्हणाला. तिसऱ्यांदाही आकडा तोच आला, तेव्हाच त्यानं "झालं" म्हटलं.

सरांनी त्याची मजुरी हातावर ठेवली, त्यानं घेतली. जाताना घोंगडं पांघरत मला म्हणाला, "आज आमच्या लखमा मामाकडं लोकर कातरायची पाळी व्हती. आमची सावड हाय. ते आमच्याकडं, आमी त्यांच्याकडं. माझा एक दिवस तिथं कमी पडला. तो तुझ्यामुळं पडला."

"मग मी देतो की भरून."

"मेंढरू धरता येतं का?"

"शिकीन."

"रविवारी ये. पोटाखालून धरायचं, पायाला न्हाई."

शुक्रवारी अकराला तपासणी झाली. एकामागून एक हिरव्या खुणा उमटत गेल्या आणि मेमरीपाशीही हिरवीच आली. सरांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावून तीच ओळ वाचली. दुपारी कंपनीचा निरोप आला: केंद्र औंढ्याला, पहिली सराव परीक्षा परवा रविवारी.

रविवारी सेंटरपुढं अठ्ठावन्न पोरी रांगेत होत्या आणि त्यांच्याहून जास्त बाप झाडाखाली. आत कॉम्प्युटर चालवणारा एकटा मी. लखमा मामाकडं जाणं शक्यच नव्हतं. तसा फोन केला.

"व्हय, कळलं," मल्हारी म्हणाला. "पुढच्या रविवारी बारक्या काकाकडं हाय."

पुढच्या रविवारी दुसरी परीक्षा होती. त्याच्या पुढच्या रविवारी कातरणी उरकली होती. लखमा मामाला मी पाहिलेलं नाही, पण माझं नाव त्यांना माहीत झालंय. परवा बाजारात सिंधूबाई भेटल्या. मला वरपासून खालपर्यंत पाहून म्हणाल्या, "ह्योच का त्यो, एक दिवसवाला?"

"व्हय, मावशी," मी म्हणालो. "येतो की."

"ये बाबा," त्या म्हणाल्या, "मेंढरं हायेतच," आणि मिरच्या निवडायला लागल्या.