पाण्यासाठी घेतलेलं मडकं

निजामाच्या राज्यात मी सिकंदराबादच्या छावणीत कारकुनी करत होतो. तिथं बिअर चाखली. टेंभुर्णीला परतल्यावर मोड आणलेल्या ज्वारीची तशीच घरी करून पाहायचं ठरवलं. आबकारीवाल्यांना कळलं तर तुरुंग ठरलेला. म्हणून बाजारातल्या कुंभाराला म्हणालो, "पाण्यासाठी मडकं द्या," आणि एक उचलून आतून हुंगलं.

तो धोतराच्या सोग्यानं मडक्यांवरची धूळ पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "पाण्यावाले बोटानं वाजवून बघतात, साहेब. वास कोणी घेत न्हाई."

माझ्या हातातलं काढून घेऊन त्यानं सगळ्यांत लहान मडकं दिलं. "पहिल्या खेपेला एवढंच बराबर. बिघडलं तर एकट्याला संपवता येतं."

बिघडलं. एकट्यानं संपवलं. त्यानं माझं नाव विचारलं नव्हतं, मीही त्याचं विचारलं नाही.

तिसऱ्या खेपेला जमलं, तेव्हा मोठं मडकं मागायला गेलो. त्यानं पुन्हा लहानच पुढं केलं.

"मोठं एकच व्हतं," धूळ पुसत तो म्हणाला. "आबकारीचे जमादार मागच्या बाजारी घेऊन गेल्ते. पाण्यासाठीच. त्यांनी बी वास घेतला."