चार पाइप आणि एक विहीर

"वरच्या अंगालाही टोल्युइन? सर, पाणी चढण चढतं का?" मी फोनवर जवळजवळ ओरडलेच.

"टाकी जुनी होती. काहीही होऊ शकतं," पुण्यातले आमचे सर म्हणाले. "मॉनिटरिंग अजून एक वर्ष वाढवू."

वाढवणं त्यांना सोपं होतं. रशिदाभाभींना तोंड मला दाखवायचं होतं.

जागा मलकापूरची, हायवेलगत. तिथला पेट्रोल पंप बंद झाला, जमिनीतल्या गळक्या टाक्याही खणून नेल्या. पण झिरपलेलं पेट्रोल तोवर शेजारच्या विहिरीत उतरलं होतं. विहीर रशिदाभाभींची. त्यांचा म्हशींचा गोठा त्या पाण्यावर चालायचा. विहिरीवर जाळी ठोकून सील लागलं.

माझं काम नमुने घेण्याचं. टाक्यांच्या जागेभोवती चार मॉनिटरिंग वेल आहेत, म्हणजे भूजलापर्यंत उतरवलेले बारीक पाइप. दर तिमाहीला त्यांत बेलर सोडायचा, म्हणजे दोरीला बांधलेली लांबट नळी, आणि वर आलेलं पाणी मिरजेच्या लॅबला द्यायचं. चारही पाइप सलग दोनदा स्वच्छ आले की विहीर तपासून सील निघणार.

ते येतच नव्हते. पेट्रोलमधलं सगळ्यांत घातक बेंझीन केव्हाच दिसेनासं झालं होतं. त्याच्याच भावकीतलं टोल्युइन मात्र दर वेळी वाढत होतं. आणि आता ते टाक्यांच्या वरच्या बाजूच्या पाइपातही निघालं, जिथे पेट्रोलला पोचायला वाटच नाही.

"मॅडम, ह्या टायमाला न्हाई जमलं तर म्हशी इकून टाकते," रशिदाभाभी मागच्या खेपेला म्हणाल्या होत्या. "टँकरच्या पाण्यावर किती दिस काढू?"

मला स्वतःचाच राग येत होता, आणि लॅबचा, आणि सरांचा तर फारच.

पुढचे नमुने आठवड्यावर आले होते. ऑफिसच्या नियमाप्रमाणे जागेच्या मालकांना तसा फोन केला होता. पण वरच्या पाइपाचं कोडं स्वस्थ बसू देईना, म्हणून नुसती पाण्याची पातळी मोजायला मी आधीच जाऊन थडकले.

मालक म्हणजे निवृत्त सुभेदार. माझ्या प्रत्येक भेटीला अंगण झाडलेलं, फाटक उघडं, पाइपांची झाकणं लखलखीत. पेट्रोलसारखा वास यायचा, पण पेट्रोल पंपाच्या जागेत दुसरा कसला येणार?

त्या दिवशी सुभेदार वरच्या पाइपापाशी उकिडवे बसले होते. हातात फडकं, शेजारी थिनरची बाटली आणि हिरव्या ऑइल पेंटचा डबा.

"हे काय चाललंय?"

"पुढल्या हप्त्यात तुमची इन्स्पेक्शन हाय न्हवं? गंजल्यालं पाइप दाखवायचं व्हय? आतनं थिनरनं पुसतो, मग एक हात रंगाचा."

"दर वेळी करता?"

"दर टायमाला. रिपोर्ट वाईट आला तवापासनं दोन हात मारतोय, आन आता ह्यो वरला पाइपबी धरलाय."

थिनरमध्ये टोल्युइन असतं. ओघळ खाली पाण्यात जात होता, आणि माझा बेलर त्याच पुसलेल्या तोंडाला घासत वर येत होता. मी डोक्याला हात लावून तिथेच बसले आणि त्यांना सगळं समजावून सांगितलं.

सुभेदारांनी फडकं खाली ठेवलं. "म्हंजी भाभीची हीर मी बंद ठिवली?" थिनरच्या बाटलीला बूच लावलं. "माझ्या जागेपायी तिचं पानी नासलं, म्हनून तर मी पाइप चकाचक ठिवत हुतो."

एवढी चिडलेली मी, पण त्यांच्यावर चिडताही येईना.

"रिपोर्टमध्ये रंगाचं लिहू नकोस, बरं दिसत नाही," सर म्हणाले. मी लिहिलं. पाइपांतलं पाणी उपसून टाकलं, वरचे तुकडे बदलले. रंगाचा डबा आणि थिनर रशिदाभाभींनी स्वतःच्या कपाटात कुलपात घातलं. त्यानंतर दोन्ही वेळा मी न कळवता गेले. पाइपांच्या नव्या तोंडांवरही गंज चढला होता आणि पाणी स्वच्छ.

विहिरीचाही नमुना चांगला आला. सील काढलं त्या दिवशी पहिली बादली म्हशीपुढे ठेवली. तिने वास घेतला आणि मग बादलीत तोंड घातलं ते तळ दिसेपर्यंत काढलं नाही. रशिदाभाभींनी पदराने डोळे पुसले.

आता मी कुठेच आधी फोन करून जात नाही. सरांना ते शिष्टाचाराला धरून वाटत नाही. पण माणसं पाहुण्यासाठी घर आवरतात, तशी पाहणीसाठी जमीनही आवरतात, हे त्यांना कोण सांगणार?

सील काढलं त्या दिवशी निघताना सुभेदार गाडीपाशी आले. "मॅडम, आता रंगवू का पाइप?"

मी तोंड उघडायच्या आत रशिदाभाभी गोठ्यातून म्हणाल्या, "आवं, आदी त्यास्नी हायवेला तरी लागू द्या."